मावशीचं मृत्युपत्र आणि त्यासाठी वकील शोधताना

१२ डिसेंबर २०२५ ला माझ्या मावशीचं मृत्युपत्र नोंदवून झालं. सुरुवात जुलैमध्ये झाली होती. मधल्या काळात मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी असंच कुणी म्हातारं माणूस होतं आणि त्यांनाही कुठून सुरुवात करायची ते कळत नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

मावशी ७९ वर्षांची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, २०११ मध्ये गेले, मूलबाळ नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतला फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून आणि फंडातून घेतलेला. बँकेत ठेवी आहेत. शिवाय पन्हाळा तालुक्यात काकांनी स्वतः घेतलेली थोडी शेतजमीन आहे, ती काकांचा पुतण्या कसतो. मी ताराबाई पार्कात राहते, धाकटी बहीण पुण्यात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मावशी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात ‘भाची’ लिहिलं, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, जवळचं कुणी नाही का? ठेव मोडायची वेळ आली तेव्हा मावशीच्या उजव्या हाताला सलाईन होतं, सही जमेना. पैशांची सोय दुसरीकडून झाली. पण या सगळ्याचा काहीतरी बंदोबस्त केला पाहिजे हे तिलाही पटलं आणि मलाही.

ती घरी आल्यावर खालच्या मजल्यावरचे, महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक शेजारी भेटायला आले. त्यांनी सरळ विचारलं, ‘‘बाईंनी मृत्युपत्र केलंय का?’’ नाही म्हटल्यावर त्यांनी हिंदू वारसा कायद्याचं कलम १५ समजावलं. मूल नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत जातं. पण स्वतः कमावलेलं मात्र सासरकडेच. म्हणजे मावशीने तीस वर्षं खडू झिजवून घेतलेला फ्लॅट कुणाला जावा, हे तिने लिहून ठेवलं नाही तर कायदा ठरवणार. मावशी ऐकत होती. म्हणाली, ‘‘पुतण्याशी माझं काही वाकडं नाही. पण माझ्या घराचं मी ठरवतो की.’’

मग वकील शोधायला लागलो.

परदेशात फक्त म्हाताऱ्या माणसांचीच कामं करणारे वकील असतात. आपल्याकडे तशी पाटी कुठे दिसत नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे वर्तमानपत्रात किंवा फलकावर शोधून उपयोग नाही. दिवाणी कामं करणाऱ्या वकिलांमधूनच असा माणूस निवडावा लागतो, ज्याला मृत्युपत्र, वारस नोंद, कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी), बँक आणि दवाखाना हे सगळं एकत्र धरून विचार करता येतो. फौजदारीत मोठं नाव असलेला वकील इथे कामाचा असेलच असं नाही.

ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट आड आली. १७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ ज्यासाठी लढा दिला, ते प्रत्यक्षात आलं होतं. सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीभोवती नुसती गर्दी होती. मलाही आनंद झाला, पण त्या दिवसांत ज्या वकिलाला फोन करावा तो म्हणायचा, महिनाअखेरीस बघू.

पहिले वकील ओळखीतून मिळाले. मावशी वॉकर घेऊन माझ्यासोबत आली होती. ते सगळा वेळ माझ्याशीच बोलले. मावशीला फक्त एकदा विचारलं, ‘‘आजी, चहा घेणार?’’ त्यांचा सल्ला होता की मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका, आत्ताच तुमच्या नावाने बक्षीसपत्र करून टाका, नंतर कटकट नको. ऐकायला सोयीचं वाटलं. पण घरी येऊन नीट माहिती काढली. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं. भाचीला ही सवलत नाही, तिथे खरेदीखतासारखं शुल्क लागतं. हे ते बोललेच नव्हते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बक्षीसपत्र झालं की घर त्याच दिवशी दुसऱ्याचं होतं. मृत्युपत्र माणूस असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, बक्षीसपत्र असं मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही.

ज्यांनी आधीच बक्षीसपत्र केलं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये एका आईचं बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द ठरवलं आणि हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने वाचायला हवा असं सांगितलं. तरीही अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असणं फार महत्त्वाचं. बोली अटीवर विसंबू नका.

दुसऱ्या वकिलांनी फी सांगितली ती फ्लॅटच्या बाजारभावावर टक्केवारीने. मृत्युपत्राचा मसुदा दोन खोल्यांच्या घराचा असो की चार, लिहायला तेवढाच वेळ लागतो. शिवाय मूळ कागद त्यांच्याकडेच ठेवायचे होते. तिथून आम्ही नमस्कार करून निघालो.

त्यानंतर मी विचारायची पद्धत बदलली. ‘चांगला वकील सांगा’ म्हटलं की प्रत्येक जण आपल्या भाच्याचं नाव सांगतो. मग मावशीच्या ओळखीच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या लोकांना मी एवढंच विचारायला लागले, तुमचं स्वतःचं मृत्युपत्र कुणी केलं, आणि काम झाल्यावर सगळे कागद तुमच्या हातात आले का? या प्रश्नाला फार थोड्यांकडे उत्तर होतं. त्यातल्या दोघांनी एकाच बाईंचं नाव घेतलं. शाहूपुरीत ऑफिस, दिवाणी कामं, विशेषतः वारसाची. त्यांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची आहे आणि चालू आहे, याची खात्री केली. कुठल्याही वकिलाला सनदेचा नंबर विचारण्यात संकोच करू नये. त्यांनी तर आपणहून पावतीपुस्तकावर छापलेला दाखवला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो. ऑफिस तळमजल्यावर होतं, हे आधी फोनवर विचारून घेतलं होतं. जिना चढायचा असेल तर म्हातारी माणसं सल्ला घ्यायला जातच नाहीत. वकीलबाईंनी मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही जरा बाहेर बसा. बाईंशी मला एकट्या बोलायचंय.’’

मला तेव्हा थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. दवाखान्यात रात्री जागले ती मी होते. पण बाहेरच्या बाकावर बसल्यावर लक्षात आलं की मृत्युपत्रातून मलाच काही मिळण्याची शक्यता आहे, मग मी आत कशी बसणार? उद्या कुणी म्हणालं की भाचीने दबाव टाकून लिहून घेतलं, तर मावशीची इच्छाच संशयात जाईल. वकील तिचा असायला हवा होता, माझा नाही. मी घेऊन गेले म्हणून तो माझा होत नाही. आता मला कुणी विचारलं की विश्वासू वकील ओळखायचा कसा, तर मी आधी हेच विचारते की त्यांनी तुम्हाला खोलीबाहेर बसवलं का?

बऱ्याच वेळाने मला आत बोलावलं. टेबलावर पिवळा पॅड होता, त्यावर पेन्सिलने मोठ्या अक्षरात तीन रकाने पाडले होते. ‘हयातीत’, ‘आजारपणात’, ‘नंतर’. वकीलबाई म्हणाल्या, ‘‘आधी बाईंचं म्हातारपण नीट पार पडायला पाहिजे. वारसांचं मग.’’ पहिल्या भेटीची फी १,००० रुपये, पावतीसह. संपूर्ण कामाचे, म्हणजे मृत्युपत्र, कुलमुखत्यारपत्र, लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कुठले उपचार नकोत ते लिहून ठेवणारा कागद) आणि नोंदणीला हजर राहणं, १५,००० रुपये सांगितले, तीन टप्प्यांत. सरकारी फी वेगळी. कुठल्या टप्प्यात काय होणार ते कागदावर लिहून दिलं.

‘हयातीत’ या रकान्यात पहिली अडचण निघाली ती शेताची. सातबाऱ्यावर अजून काकांचंच नाव होतं. सातबारा ऑनलाइन डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो, त्यामुळे तपासायला तलाठ्याकडे जावं लागलं नाही, पण वारस नोंदीसाठी जावं लागलं. काकांचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मावशीचं आधार असे कागद लागले. काकांच्या आई त्यांच्याआधीच गेल्या होत्या, मूल नाही, त्यामुळे मावशी एकटीच वारस. अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस दिला. फेरफाराची नोटीस लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावं लागतं, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मध्ये दिवाळी आली. नोंद नोव्हेंबरमध्ये झाली. घरातलं कुणी गेल्यावर ही नोंद वेळेवर करून घ्या. कागदावर मेलेल्या माणसाचं नाव राहिलं की पुढचं प्रत्येक काम तिथे येऊन अडतं.

फ्लॅटचे कागद व्यवस्थित होते. खरेदीखत, सूची क्रमांक २, सोसायटीचं भागपत्र. सोसायटीत नॉमिनी म्हणून मात्र अजून काकाच.

कुलमुखत्यारपत्राबद्दल माझी समजूत होती की ते एकदा केलं की पुढची काळजी मिटली. वकीलबाईंनी ती दूर केली. कुलमुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते संपतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याची बुद्धी गेली, म्हणजे विस्मरणाच्या आजाराने निर्णय घेण्याची क्षमता उरली नाही, तरीही ते संपतं. काही देशांत अशा वेळीही चालणारं कुलमुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे नाही. तशी वेळ आली तर पालक नेमून घेण्यासाठी घरच्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं. आता निदान त्यासाठी मुंबई गाठायला नको. या कारणाने मावशीने कुलमुखत्यारपत्र मोजक्या कामांपुरतं केलं. बँकेत घरखर्चाचे आणि औषधपाण्याचे व्यवहार, वीजबिल, घरफाळा, दवाखान्याचा विमा. फ्लॅट विकण्याचा अधिकार त्यात नाही. ५०० रुपयांचा मुद्रांक आणि नोटरी. शिवाय निवृत्तिवेतनापासून वेगळं एक छोटं बचत खातं तिने माझ्यासोबत संयुक्त उघडलं. अचानक दवाखाना लागला तर त्यातून खर्च करायचा, एवढाच त्याचा उपयोग.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचंच होतं, त्याच फेरीत नॉमिनेशनही बदललं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. मावशीने आम्हा दोघी बहिणींना आणि पुतण्याला लावलं. इथे वकीलबाईंनी बजावलं होतं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण ते शेवटी मृत्युपत्राप्रमाणे, नाहीतर वारसा कायद्याप्रमाणे वाटायचे असतात. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत तफावत ठेवू नये. एकीकडे एकाचं आणि दुसरीकडे दुसऱ्याचं नाव असलं की घरं फुटतात.

मसुदा नोव्हेंबरच्या मध्यावर आला. मोठ्या टायपात, मराठीत, सोप्या वाक्यांत. मावशीने चष्मा पुसला, लाल पेन मागितलं आणि उत्तरपत्रिका तपासावी तसं वाचायला बसली. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. आणि एका वाक्यावर रेघ मारली. त्यात लिहिलं होतं की भाचीने सेवा केल्याबद्दल तिला फ्लॅट देत आहे. ‘‘सेवेचा मोबदला म्हणून नाही देत मी. माझी इच्छा आहे म्हणून देतो. तसं लिहा.’’ तसं लिहिलं गेलं. फ्लॅट आम्हा दोघींना, शेत कसणाऱ्या पुतण्याला, आणि तिच्याकडे इतकी वर्षं स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना ठरावीक रक्कम. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून आमच्यापैकी कुणी नाही. तिचा एक जुना विद्यार्थी आहे, तो तयार झाला.

पुतण्याला तिने आधीच फोन करून सांगितलं. मला धाकधूक होती, पण तो एवढंच म्हणाला, ‘‘काकू, तुमचं आहे, तुम्ही ठरवा.’’ सांगायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. वकीलबाईंचं म्हणणं होतं की नंतर कागदातून कळण्यापेक्षा तिच्या तोंडून कळलेलं बरं.

साक्षीदारांबाबत एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, हे ऐकलेलं असतं. पण पुढे वाद झालाच तर नोंदणीकृत मृत्युपत्रसुद्धा कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी निदान एका साक्षीदाराने येऊन सांगावं लागतं की सही माझ्यासमोर झाली. म्हणून साक्षीदार वयाने लहान, गावात राहणारा आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असा निवडावा. मावशीच्या बरोबरीच्या मैत्रिणी साक्षीला उत्साहाने तयार होत्या, त्यांना समजावताना जरा जड गेलं. एक साक्षीदार तिचे नेहमीचे डॉक्टर झाले, दुसरी शेजारची पस्तिशीतली मुलगी. डॉक्टरांनी त्याच दिवशीच्या तारखेचं, मन सावध आणि समज पूर्ण असल्याचं प्रमाणपत्रही दिलं.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर, मुद्रांकाशिवाय केलेलं मृत्युपत्रही चालतं. तरी आम्ही नोंदवलं, कारण कागद हरवला तरी नोंद राहते आणि खरेपणाबद्दल शंका घेणं अवघड होतं. कोल्हापुरातल्या मालमत्तेला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब करून घेण्याची, सक्तीही नाही. नोंदणी फी १०० रुपये, शिवाय पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. माहिती आधी ऑनलाइन भरून ठेवली होती. ज्यांना उठवत नाही त्यांच्या घरी दुय्यम निबंधक येऊ शकतात. त्यासाठी अर्ज, डॉक्टरांचं पत्र आणि वेगळी फी लागते.

१२ डिसेंबर, शुक्रवार. दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळची वेळ घेतली होती, कारण दुपारनंतर मावशीच्या पायाला सूज येते. सोबत पाणी, बिस्किटं, औषधं, सगळ्यांची मूळ आधारकार्डं. फोटो झाला, सही झाली, पण अंगठा मशीनवर उमटेना. आयुष्यभर खडू धरलेली आणि भांडी घासलेली बोटं, रेषा पार झिजलेल्या. तिथल्या कर्मचारी मुलीने ओलं फडकं आणलं, अंगठा पुसला, थोडा चोळला, परत ठेवायला सांगितला. बऱ्याच प्रयत्नांनी उमटला. घरून निघताना हाताला किंचित क्रीम लावलं तर बरं पडतं, असं तिनेच सांगितलं. अधिकाऱ्यांनी मावशीला विचारलं, हे स्वखुशीने करताय का, वाचून घेतलंय का? ‘‘वाचलंय, आणि तपासलंयपण,’’ मावशी म्हणाली.

मूळ मृत्युपत्र मावशीच्या कपाटात, एक प्रत एक्झिक्युटरकडे, एक वकीलबाईंच्या फाइलला. मूळ कागद त्यांनी त्याच दिवशी तिच्या हातात दिला.

राहिलं लिव्हिंग विल. ते जानेवारीत केलं. मृत्यूच्या उंबरठ्यावर, बरं होण्याची आशा नसताना, कुठले उपचार नकोत हे आधी लिहून ठेवायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने कुणी बोलायचं त्यांची नावं लिहायची असतात. मावशीने माझं आणि बहिणीचं लिहिलं. मावशीने हे शांतपणे केलं, मला मात्र ‘व्हेंटिलेटर’ हा शब्द तिच्या तोंडून ऐकवेना. डॉक्टरांनी तिला प्रत्येक उपचार म्हणजे नेमकं काय ते सांगितलं. काही गोष्टींना तिने होही म्हटलं. एक प्रत डॉक्टरांना दिली, एक महापालिकेत देऊन पोच घेतली. तिच्या दवाखान्याच्या पिशवीत आता आधार, विमा आणि ही प्रत एकत्र असते.

वकीलबाईंचं नाव इथे देत नाही, त्यांनीच नको सांगितलं. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं असेल तर विधी सेवेचा क्रमांक १५१०० आणि ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७.

सोसायटीचा नवा नॉमिनेशन फॉर्म तीन प्रतींत भरून दिला आहे. कमिटीच्या पुढच्या बैठकीत त्याची नोंद झाली की पिवळ्या पॅडवरचं शेवटचं काम पुरं होईल.